पुठ्ठ्याला चिकटलेलं पान

ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, दुरुस्तीची खोली होती. तिथे दोन टेबलं होती, एक खळबाईंचं आणि एक माझं. खरं तर माझं तिथे काही काम नव्हतं. मी नोंदणी कारकून. माझी जागा वरच्या मजल्यावर होती, पण साहेबांनी वर नवी कपाटं आणली आणि कपाटांपेक्षा मला कमी उजेड लागतो असं परस्पर ठरवून माझी रवानगी खाली केली. त्यानंतरची अकरा वर्षं मी खळीच्या वासात नोंदी केल्या, आणि कुरकुर केली ती वेगळीच.

खळबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. सकाळी आल्या आल्या त्या शेगडीवर पिठाची खळ शिजवायला घ्यायच्या, गुठळी होऊ नये म्हणून एका लयीत ढवळत राहायच्या, आणि तेवढा वेळ खुद्द साहेबांनी हाक मारली तरी ओ द्यायच्या नाहीत. म्हणून हे नाव पडलं. फाटकी पानं सांधणं, सुटलेली शिवण परत घालणं, पुठ्ठे बदलणं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. नजर अशी की पट्टी लागायची नाही. मी मुद्दाम कुठलाही कागद पुढे करून विचारायचो, "बाई, हा केवढा?" त्या मान वर न करता सांगायच्या, "नऊ इंच, वर दोन सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी पट्टी लावून बघायचो. अकरा वर्षांत एकही चूक सापडली नाही, आणि ती सापडावी अशी माझी फार इच्छा होती.

बोलणं बेताचंच. त्यांच्या वाटचं बोलणं त्यांची ताई बोलून टाकायची. दोघी बहिणी, दोघींनी लग्नं केली नाहीत, दोन खोल्यांत अडतीस वर्षं एकत्र राहिल्या. ताई टेलिफोन खात्यात होत्या आणि निवृत्त झाल्यावरही त्यांची फोनची सवय सुटली नव्हती. रोज एक वाजता माझ्या टेबलावर फोन. "तिला म्हणावं, खोकल्याचं औषध घे. आणि तुमचा गुडघा कसा आहे?" माझ्या गुडघ्याची एवढी चौकशी माझ्या घरीही होत नसे. बँक, गॅस, वरच्या मजल्यावरच्यांशी भांडण, ही सगळी बाहेरची कामं ताईंकडे. खळबाईंनी खळ शिजवावी आणि घरी जावं.

मग एका वर्षी ताई आजारी पडल्या आणि पंधरा दिवसांत गेल्या.

तिसऱ्या दिवशी खळबाई कामावर हजर. मी घरून वाक्य पाठ करून आलो होतो. त्या आत आल्या, पिशवी खिळ्याला अडकवली आणि म्हणाल्या, "भाऊ, तो टीपकागदाचा गठ्ठा जरा इकडे सरकवा." माझं वाक्य तसंच राहिलं. वरून दोघं-तिघं येऊन गेले, त्यांनाही त्यांनी अशीच काही ना काही वस्तू सरकवायला लावली. रडणं नाही, उसासा नाही. धीराची बाई, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

मग महिन्याभराने बोलता बोलता कळलं की त्यांच्या घरातला गॅस संपलाय. नंबर लावायचं काम ताईंचं होतं.

"अहो, मग जेवता काय?" मी विचारलं.

"पाव असतो."

"किती दिवस झाले?"

त्यांनी जरा विचार केला. "झाले असतील दहा-बारा."

त्यात तक्रार नव्हती. त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं. इथे मला त्यांची दया आली असं लिहायला हवं, पण खरं सांगायचं तर मला राग आला. माणसाने निदान स्वतःच्या पोटाला तरी विचारावं! मी नंबर लावून दिला. त्यांनी आभार मानले, तेही एखाद्या पावतीवर सही करावी तसे.

अशात एक दिवस घड्याळवाले आले. कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि दर सोमवारी ग्रंथालयातल्या भिंतीवरच्या घड्याळांना किल्ली द्यायला यायचे, त्यामुळे ओळखीचे. वय सत्त्याहत्तर. त्या दिवशी मात्र सोमवार नव्हता, आणि त्यांच्या हातात चादरीत गुंडाळलेलं एक बोचकं होतं. ते त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं नाही. आधी टेबल पुसायला सांगितलं, मग ठेवलं.

आत हिब्रू हस्तलिखित होतं. घड्याळवाले ज्यू, आणि त्यांच्या पणजोबांनी हे हाताने नकलून काढलेलं. ज्यूंच्या गूढविद्येवरचं भाष्य. प्रत्येक पानाच्या मधोमध ठसठशीत अक्षरात मूळ मजकूर, त्याच्या चारी बाजूंनी बारीक अक्षरात त्यावरचं भाष्य, आणि कडेला त्याहून बारीक अक्षरात त्या भाष्यावरचं भाष्य. चार माणसं बोलत असताना मागून कोणीतरी "थांबा, मी सांगतो" म्हणत पुढे घुसावं, तसं ते पान दिसत होतं.

"तुम्ही वाचलंय?" मी विचारलं.

"बाबा म्हणायचे, चाळिशीच्या आत हे वाचायचं नाही, डोकं फिरतं. मग चाळिशी आली आणि डोळे गेले. अक्षरं लावता येतात मला. अर्थ विचारू नका."

साहेबांनी फोटो काढून परगावच्या एका प्राध्यापकांना पाठवले. त्यांचं उत्तर आलं की हे भाष्य दुसरीकडे कुठे असल्याचं त्यांच्या ऐकिवात नाही. झालं, साहेब हवेतच तरंगायला लागले. घड्याळवाले पोथी ग्रंथालयाला द्यायला तयार होते, फुकट. फक्त एक अट होती.

ती अट सांगण्याआधी माझी फजिती सांगून टाकतो, नाहीतर खळबाईंच्या चुकीबद्दल लिहायला मला तोंड राहणार नाही. मी मोठ्या उत्साहाने पानांवर पेन्सिलीने आकडे घालायला घेतले आणि चाळीस पानांपर्यंत पोचलो. घड्याळवाल्यांनी ते बघितलं. "माझ्या पणजोबांनी जिथे संपवलं, तिथून तुम्ही सुरुवात केलीत," ते म्हणाले. हिब्रू उजवीकडून सुरू होतं हे मला माहीत होतं, पण हाताला माहीत नव्हतं. चाळीस आकडे खोडले. ताई असतानाच्या खळबाई असत्या तर पदर तोंडाला लावून हसल्या असत्या. त्यांनी मला खोडरबर दिला.

तर ती अट. पोथीचं शेवटचं पान मोकळं नव्हतं. त्यांच्या काकांनी पूर्वी कधीतरी एका स्वस्तातल्या बाइंडरकडून पोथी बांधून घेतली होती, आणि त्या पठ्ठ्याने शेवटचं पान सरळ पुठ्ठ्यालाच चिकटवून टाकलं होतं. लिहिलेली बाजू आत.

"त्या पानावर आमच्या घरातल्या गेलेल्या माणसांची नोंद आहे," घड्याळवाले खळबाईंना म्हणाले. "मी चार वर्षांचा असताना आई गेली. तापाने गेली म्हणे. आमच्यात त्या तारखेला दरवर्षी दिवा लावतात. बाबांना विचारलं की म्हणायचे, पुस्तकात लिहिलंय. पुस्तक काकांकडे, काकांचं आणि आमचं भांडण. मग बाबाही गेले. तारीख माहीत नसली की एक दिवस ठरवून घ्यायचा असतो, तसा मी ठरवला. साठ वर्षं अंदाजाने दिवा लावतोय, बाई. एकदा तरी बरोबर दिवशी लावायचाय."

"निघेल पान," खळबाई म्हणाल्या. "वेळ लागेल."

"आणि एक. कापलेला, गळलेला एक कणही टाकू नका. असल्या पुस्तकाचे तुकडे आम्ही टाकत नाही, पुरतो."

खळबाईंनी त्यासाठी एक पत्र्याचा डबा काढला आणि वर चिठ्ठी लावली. कडेचे भुरभुरलेले तुकडे, धाग्याला चिकटून आलेली कागदाची साल, सगळं चिमट्याने उचलून त्या डब्यात टाकायच्या. या बाबतीत त्यांनी काडीचीही कसूर केली नाही, हे मी शपथेवर सांगेन.

पान सोडवायला अकरा दिवस लागले. ओलसर टीपकागद ठेवायचा, थांबायचं, हाडाची पट्टी केसभर आत सरकवायची, परत टीपकागद. त्याच दिवसांत प्राध्यापकांचं दुसरं पत्र आलं, ते मी मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात त्यांनी भाष्याचा विषय लिहिला होता. सुरुवातीला सगळीकडे देवच होता, दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. मग त्याने स्वतःला आवरून घेतलं, मध्ये एक रिकामी जागा झाली, आणि त्या जागेत हे जग झालं.

"कसं वाटतं?" मी विचारलं. कुणाशी तरी चर्चा करावी अशी मला खुमखुमी आली होती.

"जागा रिकामी झाली की झाली," खळबाई म्हणाल्या आणि पट्टी आत सरकवली.

अकराव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पान अखंड सुटून आलं. त्याच्या लिहिलेल्या बाजूवर जुन्या खळीचा जाड पिवळा थर होता, खालचं काही दिसत नव्हतं. त्यांनी पान टीपकागदांत घालून वजनाखाली ठेवलं. खळ दुसऱ्या दिवशी काढायची होती. मग रिकामा झालेला पुठ्ठा उचलला आणि पाण्याच्या टबात टाकला.

हे नेहमीचं होतं. जुन्या काळी पुठ्ठे रद्दी एकावर एक चिकटवून करत, आणि असा पुठ्ठा भिजवला की त्याच्या पोटातून कधीकधी जुने छापील कागद निघतात. साहेबांना त्याची हौस. जुना पुठ्ठा निघाला की टबात, असं तीस वर्षं चाललेलं. पण खळबाईंनीच मला दहादा सांगितलं होतं की चिकटलेलं पान सोडवलं की आधी पुठ्ठा उजेडात धरून बघायचा, कारण कधीकधी शाई पानाला सोडून पुठ्ठ्याला जाऊन बसते. नवशिक्यालाही हे माहीत असतं. त्यांनी बघितलं नाही. त्या दिवशी त्यांचे हात काम करत होते आणि बाकीच्या खळबाई कुठे होत्या कोण जाणे.

सकाळी त्यांनी टबातून वरचा थर उचलला. त्यावर चार ओळी होत्या, पुसट, आणि पाण्यात विरत चाललेल्या. पुठ्ठ्याच्या पोटातली रद्दी असेल असं वाटून त्यांनी तो लगदा दुसऱ्या लगद्यात टाकला आणि टबाची गुडदी काढून पाणी सोडून दिलं. दुपारी पानावरची खळ साफ केली. खाली कोरं पान निघालं. कुठे कुठे तपकिरी डाग, एवढंच. तेव्हा त्यांच्या हातातला बोळा थांबला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "त्या ओळी उलट्या होत्या. आरशातल्यासारख्या."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी टबाकडे धावलो. लगद्याचा गोळा झाला होता, त्यात शोधायला काही उरलं नव्हतं. आम्ही पान पुसट शाई दाखवणाऱ्या निळ्या दिव्याखाली धरून बघितलं, भिंगातून बघितलं. काही नाही. खळबाई स्टुलावर बसल्या. चेहऱ्यावर काहीही नव्हतं, जसं पाच महिने नव्हतं तसंच.

साहेब खाली आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि आवाज खाली आणला. "पान कोरंच निघालं म्हणा. ते खोटंही नाही. म्हाताऱ्या माणसाला उगाच कशाला त्रास? तो रागावून पोथी परत घेऊन गेला म्हणजे?"

"खरं आहे," मी म्हणालो. हो, मीच म्हणालो. मला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं, आणि आज ते लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

खळबाईंनी पान परत टीपकागदात ठेवलं. साहेबांना वाटलं, पटलं.

सोमवारी घड्याळवाले किल्ल्या देऊन खाली आले. आज तारीख कळणार म्हणून इस्त्रीचा सदरा घालून आले होते. खुर्चीवर बसायच्या आतच खळबाई म्हणाल्या, "काका, नोंद गेली. माझ्या हातून गेली. शाई पुठ्ठ्याला लागली होती आणि मी पुठ्ठा न बघता पाण्यात टाकला. आता ती परत येणार नाही."

ते उभेच राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. खळबाईंनी पान त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी खिशातून घड्याळजीचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि पान वरपासून खालपर्यंत बघितलं. खूप वेळ लागला. मी माझ्या टेबलावरच्या कागदांशी उगाचच चाळा करत होतो.

"काहीच दिसलं नाही तुम्हाला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"दिसलं. विरायच्या आधी. चार ओळी होत्या."

"तीन," घड्याळवाले म्हणाले. "एका माणसाला एक ओळ. नाव, बापाचं नाव, तारीख. आजोबा, आजी आणि आई. बाबा गेले तेव्हा पुस्तक काकांकडे होतं, त्यांनी काही लिहिलं नाही, मला माहीत आहे. तीन."

"चार, काका."

खळबाईंनी कागद ओढला, पेन्सिल घेतली आणि पट्टीशिवाय रेघा मारल्या. उजवीकडून सुरू करून, एकाखाली एक. "पहिली साडेपाच इंच. दुसरी पाच, वर तीन सूत. या दोन्ही जाड लेखणीच्या. तिसरी पाच इंच. चौथी दीड इंच."

"दीड?"

"दीडला एक सूत कमी. तिसरी आणि चौथी एकाच लेखणीच्या, एकाच शाईच्या. एका बैठकीत लिहिलेल्या असतील."

घड्याळवाले आता खाली बसले. त्यांनी चौथ्या रेघेवर बोट ठेवलं. बोटाखाली ती जवळजवळ सगळी झाकली गेली.

"एवढ्यात नाव बसत नाही," ते म्हणाले. मग बोट उचललं आणि म्हणाले, "नाव ठेवलंच नसेल तर बसतं."

मी मंद आहे. मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे आई तापाने नाही गेली. बाळंतपणात गेली. बाळ पण गेलं." त्यांचा आवाज अगदी साधा होता, घड्याळाची कमान तुटलीय असं गिऱ्हाइकाला सांगावं तसा. "इतक्या लहान जिवाची नोंद करायची आमच्यात पद्धत नाही. बाबांनी केली. आणि मला सांगितलं नाही कधी. भाऊ होता की बहीण होती, कुणास ठाऊक."

"काका, तारीख गेली," खळबाई परत म्हणाल्या. "ती मी घालवली."

"हो," ते म्हणाले. "घालवलीत." त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही, आणि मला वाटतं तेच बरं झालं. त्यांनी त्या चार रेघांच्या कागदाची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. "पोथी इथेच राहू दे. दिवा मी माझ्या अंदाजानेच लावत राहीन. फक्त आता दोन लावायचे."

ते उठायला लागले. तेवढ्यात खळबाई म्हणाल्या, "काका, माझी बहीण गेली."

पाच महिन्यांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. आजवर कुणी विचारलं की त्या "ताई नाहीये" एवढंच म्हणायच्या, जसं काही ती बाजारात गेलीय.

"कधी?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

खळबाईंनी तारीख सांगितली. वार सांगितला. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती, नर्स नुकतीच सलाइन बदलून गेली होती, आणि ताईंनी शेवटचं काय विचारलं, तेही सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत आहे," घड्याळवाले म्हणाले.

"हो. मला सगळं माहीत आहे," खळबाई म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. मोठ्याने, लहान मुलीसारख्या, तोंडही न झाकता. आम्ही दोघं पुरुष कुठे बघावं ते न कळून तिथेच बसून राहिलो.